समान वेतनाचा कायदा आहे, मग स्त्रियांचा लढा अजून कशासाठी?

तुम्ही विचारलंय की मतदानापासून नोकरीपर्यंत सगळे हक्क मिळाले, समान कामाला समान वेतनही आहे, मग आता भांडण कशाचं? मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात, माझी आईही वळायची. तेव्हा तिथलंच सांगते.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, आता तो वेतन संहितेत मिसळला आहे. त्यात तुलना होते ती एकाच किंवा सारख्या कामाची. पण आमच्या गल्लीत विडी वळायला पुरुष बसतोच कुठे? पानं-तंबाखू मोजून देणारा पुरुष, तयार माल तपासून छाट, म्हणजे नापास विड्या, काढणारा पुरुष, वळणारी मात्र बाई. यंत्रमागावरही तेच. माग पुरुष चालवणार. कांड्यांवर सूत भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, घड्या घालणं बायकांकडे, आणि मजुरी कमी. काम आधीच वाटून झालेलं असतं. स्वस्तातलं काम बाईच्या पदरात पडतं आणि तुलनेला समोर कुणी पुरुषच नसतो, मग कायदा करणार काय?

विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्या हजारासाठी पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायचं, विडीचं तोंड मिटायचं, दोरा बांधायचा, कट्टे (जुड्या) करायचे. मध्येच पाणी येतं, स्वयंपाक असतो, सासऱ्यांचं औषध असतं. एकटीने होत नाही, म्हणून शाळेतून आलेली मुलगी पानं कापायला बसते. मुलगा बसत नाही. राबतात दोघी, मजुरी एकीची, आणि मुलीचं नाव कुठल्याच वहीत नाही. तिच्या अभ्यासाचे किती तास पानं-तंबाखूच्या त्या सुपात गेले हे कुणी विचारत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. १९७७ पासून या धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम यांच्याबरोबर या बायकांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते. गिरण्या बंद पडल्यावर याच बायकांच्या मजुरीवर कितीतरी घरं तगली, पण घराचा कर्ता कोण विचारलं तर आजही नवऱ्याचं नाव सांगतात.

आता फंडाचंच, म्हणजे त्या भविष्य निर्वाह निधीचंच बघा. लग्नाआधी कामाला लागलेल्या मुलीचं नाव तिथे माहेरचं, आधारवर सासरचं. म्हातारपणी पैसे काढायला गेली की नावं जुळत नाहीत. मग लग्नाचा दाखला आणा म्हणतात, आणि तो त्या काळी आमच्याकडे कोण काढत होतं? नवऱ्याला हा पुरावा कधीच द्यावा लागत नाही, त्याचं नाव बदलतच नाही. कायदा दोघांना एकच, हेलपाटे मात्र तिचे.

तुमच्या शेजारी विडी वळणारी कुणी असेल तर तिच्या फंडाच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव एकदा ताडून बघा. फरक असेल तर ती कामावर आहे तोवरच दुरुस्तीचा अर्ज भरून द्या. जुन्या खात्यांना त्यावर मालकाची मंजुरी लागते, आणि काम सुटल्यावर ती मिळवणं फार जड जातं.