ब्रिटिश वसाहतीतले संपादक उघडपणे एका पक्षाचे का असायचे?

तुम्ही विचारलंय की वसाहतींमधले पेपरवाले एवढे उघड एका बाजूचे कसे असायचे, संपादकाने निःपक्ष राहायला नको का. मी टोरांटोत राहतो म्हणून इथलंच सांगतो, १८२०-३० च्या सुमारास या भागाला अप्पर कॅनडा म्हणायचे आणि टोरांटोला यॉर्क.

विधानसभा निवडून यायची पण कारभार तिच्या हातात नव्हता. लेफ्टनंट गव्हर्नर ब्रिटनमधून नेमलेला, त्याचं कौन्सिलही नेमलेलं, आणि मोठी पदं ठरावीक घराण्यांत फिरायची, ज्यांना लोक फॅमिली कॉम्पॅक्ट म्हणायचे. आजच्यासारखे पक्ष, त्यांची ऑफिसं, मेंबरशिप असलं काही नव्हतं, मग लांबलांबच्या शेतांवर राहणारी नाराज माणसं एकत्र येणार कशी? पेपरमुळेच. माझ्या मते तेव्हा पेपर हाच पक्ष होता. शिवाय वर्गणीदार पैसे वेळेवर देत नसत आणि भरवशाचं उत्पन्न म्हणजे सरकारी छपाई, ती हवी तर गप्प बसायचं. चार्ल्स फॉदरगिल हा सरकारी मुद्रक होता, आमदार झाल्यावर सरकारच्या विरोधात गेला आणि १८२६ मध्ये नोकरी गेली. आता यात निःपक्ष राहायला जागा कुठे होती सांगा.

आणि विल्यम लायन मॅकेन्झी. स्कॉटलंडहून आलेला माणूस, १८२४ मध्ये 'कलोनियल अ‍ॅडव्होकेट' काढला. तो फक्त धोरणांवर लिहायचा नाही, या घराण्यांची खासगी उणीदुणीही काढायचा, ते मला आजही पटत नाही. पण उत्तर काय मिळालं बघा. ८ जून १८२६ ला त्याच बड्या घरांतली आणि सरकारी वकिलांच्या हाताखाली शिकणारी पोरं छापखान्यात घुसली, प्रेस मोडला, खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, उचलून नेऊन सरोवराच्या पाण्यात फेकले आणि मॅजिस्ट्रेट बघत उभे राहिले. इथे बॉन्ड स्ट्रीटवर मॅकेन्झीचं शेवटचं घर आता म्युझियम आहे, आत जुना छापखाना मांडलाय, एकेक खिळा उलट्या अक्षरात जुळवून एक पान करायला किती जीव जातो ते तिथे बघितलं आणि त्या दिवशी काय नासवलं ते खरं कळलं. तो स्वतः तेव्हा कर्जामुळे सीमेपलीकडे अमेरिकेत होता, पेपर बुडायलाच आला होता, पण कोर्टाने ६२५ पौंड भरपाई दिली आणि त्याच पैशावर पेपर तगला! १८२८ ला तो निवडून आला, पेपरातल्या लिखाणावरून १८३१ च्या डिसेंबरात सभागृहाने त्याला हाकललं, जानेवारीत पोटनिवडणूक झाली तर ११९ विरुद्ध १ मतांनी परत आला. मग परत हाकललं. पुढे १८३७ ला त्याने बंड केलं ते फसलं, ती वेगळी मोठी गोष्ट आहे.

पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशिया वसाहतीतल्या हॅलिफॅक्सचा संपादक जोसेफ होव मला जास्त आवडतो. १ जानेवारी १८३५ ला आपल्या 'नोव्हास्कोशियन' पेपरात त्याने एक पत्र छापलं की शहराचे मॅजिस्ट्रेट लोकांचे पैसे खातात. राजद्रोही लिखाणाचा खटला झाला. तेव्हाच्या कायद्यात छापलेलं खरं आहे हा बचावच चालत नव्हता, वकील म्हणाले केस हरणार, म्हणून तो स्वतः सहा तासांच्या वर बोलला, आणि जज विरोधात असूनही ज्यूरीने दहा मिनिटांत सोडलं. हे वाचताना मला दरवेळी १८९७ चा टिळकांचा खटला आठवतो, कारण राजद्रोहाचा कायदा त्याच इंग्रजी मुळाचा, पण मुंबईत नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी लोक निर्दोष म्हणाले आणि टिळकांना अठरा महिने झाले. होवच्या ज्यूरीत त्याच्याच गावचे लोक होते. खटल्याच्या पुढच्या वर्षी, १८३६ ला, होव निवडून आला, आणि १८४८ मध्ये नोव्हा स्कोशियाला निवडून आलेल्यांना जबाबदार असलेलं सरकार मिळालं, ब्रिटिश वसाहतींत सगळ्यात पहिलं.