राजकीय मतांमुळे दुरावलेली माणसं पुन्हा जवळ येऊ शकतात का?

येऊ शकतात, पण वाद जिंकून नव्हे. आकडे तोंडावर फेकले की समोरचा आणखीच हट्टाला पेटू शकतो. त्यापेक्षा ‘तुम्हाला असं का वाटतं, तुमच्यावर कधी काही बेतलंय का?’ असं विचारा आणि मध्ये न तोडता ऐका. अमेरिकेत ब्रूकमन आणि काला या संशोधकांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: मतदारांच्या दारात जाऊन केलेल्या अशा जेमतेम 10 मिनिटांच्या संवादाने तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला, आणि तो परिणाम किमान 3 महिने टिकला. 

सोबत एखादं सार्वजनिक काम हाती घ्या. तुंबलेल्या गटाराचा अर्ज दोन्ही बाजूंच्या सह्यांनी गेला, की पुढची बोलणी सोपी होतात. मात्र कुणाचा अपमान होत असेल तर समजूतदारपणाच्या नावाखाली गप्प बसू नका.