उसाच्या शेतात जमिनीतल्या हवेत ६ टक्के कार्बन डायऑक्साइड आला, तर ती गळती म्हणायची का?

कोल्हापूरजवळच्या उसात मीटरभर खोलीवर तुम्हाला ६ टक्के मिळाले. जमिनीखाली खोल कार्बन डायऑक्साइड साठवलेला असता तर ही गळती ठरली असती का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्या एका आकड्यावरून अजिबात नाही. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो खरा, पण शेणखत-प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) पडलेल्या, पाणी दिलेल्या काळ्या रानात मुळं आणि जिवाणूच तो ६ पर्यंत नेऊ शकतात.

त्याच नमुन्यातला ऑक्सिजन आणि नायट्रोजन मोजा. श्वसनात जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो: ६ टक्के कार्बन डायऑक्साइडला ऑक्सिजन १५, दोघांची बेरीज २१, नायट्रोजन ७८ च्या आसपास. खालून आलेला वायू मात्र सगळ्याच हवेला बाजूला सारतो. मग ६ टक्क्यांना ऑक्सिजन १९.७ आणि नायट्रोजन ७३.४ दिसेल, म्हणजे बेरीज २१ च्या वर. बेरीज २१ च्या खाली आणि नायट्रोजन ७८ च्या वर गेला, तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतोय किंवा जिवाणू मिथेन खाताहेत. पावसाळ्यात बारीक गळती याच्याआड लपू शकते, हे धरून चला. कॅनडात वेबर्नजवळच्या एका शेतात २०११ साली गळतीचा आरोप झाला होता. गुणोत्तरं तपासल्यावर तो मातीचाच श्वास निघाला.

खरी चूक होते ती जमिनीतली हवा ओढायची नळी बसवताना. टोकाभोवती १०-१५ सेंमी वाळू भरा, वर जमिनीपर्यंत भिजवलेलं बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती). आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, नळीलगत फट पडते आणि वरची हवा आत खेचली जाते. आकडे हवेकडे सरकले की आधी तीच फट शोधा. पाणी दिल्यावर लगेच नको, वाफसा आल्यावर मोजा. ४ मिमी आतल्या व्यासाच्या दीड मीटर नळीत १९ मिली हवा मावते, म्हणून आधी ६० मिली काढून टाका. मिनिटाला १०० मिलीपेक्षा जोरात ओढू नका. सिरिंज जड लागली तर थांबा, नाहीतर पाणी उपकरणात जाईल.

प्रयोगशाळेला एक जरूर विचारा: आर्गॉन (हवेतला एक निष्क्रिय वायू) ऑक्सिजनमध्येच धरलाय का? तसं असेल तर बेरीज ०.९ ने चढते आणि नसलेली गळती दिसते.

कार्बनच्या समस्थानिकांचा (जड कार्बन-१३ आणि हलका कार्बन-१२ यांच्या प्रमाणाचा) उपयोग उसात चांगला होतो. हे प्रमाण ठरलेल्या मानकाशी तुलना करून दर हजारी सांगतात: उसाच्या मुळांचा कार्बन उणे १२ च्या आसपास, दगडी कोळशाच्या धुरातून साठवलेल्या वायूचा उणे २५ जवळ. सोयाबीनच्या रानात हा फरक जवळजवळ मिटतो. आणि साठवलेला वायू मळीच्या आंबवणीतून आलेला असेल, तर उसातही तो वेगळा ओळखू येणार नाही; तिथे वर सांगितलेली ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची बेरीजच धरायची.