ट्रंकेतली चकती आणि बसऱ्याला गेलेला शिपाई

(माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांचे प्रश्न. उत्तरे देत आहेत सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले, कामठीचे एक सुभेदार.)

प्रश्न : सुभेदारकाका, नमस्कार. आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. घर रंगवायला काढले तेव्हा आजेसासूंच्या लोखंडी ट्रंकेत एक जड, काळपट, गोल चकती सापडली, छोट्या बशीएवढी. तिच्यावर एक उभी बाई, एक सिंह आणि इंग्रजीत आमच्या आडनावाच्या एका माणसाचे नाव आहे. सोबत राजाचे डोके असलेले, वर कडी लावलेले एक चांदीचे नाणे आहे. सासरे आता नाहीत. त्यांच्याकडून एवढेच ऐकले होते की त्यांचे आजोबा साताऱ्याकडून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले आणि त्यांचा थोरला भाऊ ‘बसऱ्याला गेला तो गेलाच’. आजेसासू पितृपक्षात सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी एक पान वेगळे वाढायच्या. कोणाचे ते आम्ही कधी विचारले नाही. इतवारीतला भांडेवाला दोन्ही वस्तू वजनावर घ्यायला तयार आहे. हे नेमके काय आहे? या माणसाचे नाव दिल्लीच्या युद्धस्मारकावर असेल का? माझी कॉलेजातली मुलगी विचारते, इंग्रजांसाठी लढून मेला, त्याची आठवण आपण का ठेवायची? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी भांडेवाल्याला नाही म्हणून सांगा, मग पुढचे वाचा.

ती चकती काशाची आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने जे जे मेले, त्यांच्या जवळच्या नातेवाइकाला अशी एकेक चकती सरकारने पाठवली. तेरा लाखांहून जास्त घडवल्या गेल्या. बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात तिने माळ धरलेली असते आणि त्या माळेखालच्या चौकटीत मेलेल्याचे नाव उठावाने ओतलेले असते. कडेने इंग्रजीत लिहिलेले असते की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. नावाशेजारी हुद्दा नाही, हे तुमच्याही लक्षात आले असेल. तो मुद्दामच ठेवला नव्हता. जनरल असो की शिपाई, चकती एकसारखी.

पण हुद्दा नाही तसा नंबरही नाही, पलटणही नाही, त्यामुळे नुसत्या चकतीवरून माणूस हुडकणे अवघड जाते. साताऱ्याकडच्या पलटणींत एकाच नावाचे किती शिपाई असायचे! आयुष्यभर रेकॉर्ड ऑफिसात बसलो आहे, वडिलांचे नाव आणि गाव लिहिलेले नसले की एकाची पेन्शन दुसऱ्याच्या कागदाला कशी चिकटते ते मला ठाऊक आहे. म्हणून चकती बाजूला ठेवा आणि ते ‘नाणे’ हातात घ्या.

ते पदक आहे. मागे उघडा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले असतील. आता त्याचा काठ बघा. भिंग घ्या, खिडकीशी उन्हात तिरपे धरा आणि हळूहळू फिरवा. बारीक ठशांत आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण अशी ओळ सापडेल. पदक चांदीचे आहे, त्या अर्थी हा माणूस बहुधा बंदूकधारी शिपाई होता. भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले यांना हेच पदक काशाचे मिळे. घासूपुसू मात्र नका. चिंच नको, पितांबरी नको. काठावरची अक्षरे झिजली तर शंभर वर्षे जपलेला पुरावा एका सकाळी जाईल. चकतीचा काळपटपणाही तसाच राहू द्या, कोरडा मऊ फडका पुरे.

काठावर १०३, ११० किंवा ११७ मराठा असे काही निघाले, तर ‘बसऱ्याला गेला’ याचा अर्थ लागायला मदत होईल. या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या फौजेने तुर्कांकडून बसरा (आजच्या इराकमधले बंदर) घेतले, तिथून नदीच्या काठाकाठाने फौज बगदादच्या दिशेने निघाली. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनला तुंबळ लढाई झाली, माणसे फार गेली आणि फौज माघारी फिरून कूत-अल-अमारा गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा दिला तो जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे कापली गेली. आपल्या बहुतेक शिपायांनी ते मांस फार दिवस तोंडाला लावले नाही, मग अंगात त्राण राहीना आणि साध्या आजाराने माणसे जाऊ लागली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार जण कैद झाले, वाळवंटातून चालवत नेले गेले, पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपले. तुमचा माणूस यांतल्या कोणत्या टप्प्यावर गेला हे आज मी सांगणार नाही. पदकाच्या काठावरून नंबर हाती आला की नोंद शोधता येते.

पानाचे विचारलेत. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी भाद्रपद वद्य चतुर्दशी येते. पंचांगात तिच्यापुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने किंवा अपघाताने ज्यांना मरण आले त्यांचे श्राद्ध त्या दिवशी करतात. तेव्हा ते पान याच माणसाचे, असे मी खुशाल म्हणेन. आजेसासूंनी त्याला पाहिलेही नसेल. त्यांच्या सासूने वाढले म्हणून त्यांनी वाढले असेल. कोणी समजावून न सांगता हे घरात चालत आले, याचे मला फार मोठेपण वाटते.

आता स्मारकाचे. दिल्लीचे राष्ट्रीय समर स्मारक २०१९ साली झाले, त्यावरची नावे स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची आहेत. इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावे कोरली आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे, १९२९ सालचे. १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बत्तीस किलोमीटर दूर नेऊन पुन्हा उभारले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायाचेसुद्धा नाव आहे. हिंदी, म्हणजे भारतीय, अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे आहेत: इतके इतर जवान. तोच शिपाई फ्रान्समध्ये पडला असता तर नव्ह-शापेलच्या स्मारकावर त्याचे नाव कोरले गेले असते. हे वाचून माझ्यासारख्या, नावांच्या याद्या करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा जीव जळतो. २०२१ मध्ये युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्याच समितीने कबूल केले की पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांना, त्यांत बहुसंख्य हिंदी आणि आफ्रिकी, बरोबरीचे स्मरण मिळाले नाही. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गेले, तिथल्या जुन्या शिळेवरही आकडाच आहे.

तेव्हा तुमच्या ट्रंकेतली चकती आणि पदक या, या माणसाचे नाव धातूत उमटलेल्या बहुधा दोनच जागा आहेत. भांडेवाल्याला नाही म्हणा असे सुरुवातीलाच म्हटले ते यासाठी. अजब बंगल्याला, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाला, द्यावी का असा विचार मनात आला असेल; माझे मत, सध्या घरातच ठेवा, फोटो आणि माहिती मात्र मूळ गावच्या शाळेला पाठवा.

मुलीला माझा आशीर्वाद सांगा. तिचा प्रश्न रास्त आहे. त्या काळी शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. थोरला मुलगा, घरी कोरडवाहू जमीन, मागे लहान भावंडे. अशा घरांतून माणसे भरती होत. त्यांना राज्य कोणाचे ते निवडता आले नव्हते. पण धाकटा भाऊ नागपूरला येऊन गिरणीत उभा राहीपर्यंत घराची चूल त्या अकरा रुपयांवर पेटली असणे अगदी शक्य आहे. तो तिच्या पणजोबांच्या वडिलांचा भाऊ असेल किंवा आणखी वरचा, नाते तिने नीट काढावे आणि वंशावळीत त्याची रेघ ओढावी. त्याला हुतात्मा म्हणायचे की नाही हे तिने तिच्या मनाशी ठरवावे. घरातला माणूस म्हणून त्याचे नाव घ्यायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येते. बसऱ्याच्या शिळेवर नसलेली शिपायांची नावे त्यांच्या नोंदवहीत आहेत, पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, सातारा, मुंबई’ अशा तपशिलासह. इंग्रजी कारकुनांनी नावे कानाला आली तशी लिहिली, शिंदेचे ‘सिंदे’, पवारचे ‘पोवार’. म्हणून पलटण आणि नंबर धरून शोधा, आडनाव सगळ्या तऱ्हांनी लिहून बघा. पदकाच्या काठावरची ओळ जशी दिसेल तशी, चुकीच्या स्पेलिंगसकट, उतरवून मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ गावाचे नाव आणि शिपायाच्या वडिलांचे नाव नात्यातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून देतो, सही तुमच्या मुलीने करावी.