एकच जागा, दोन दिवस

बाळा,

तुझी यादी बघितली. शनिवारी पावागढ आणि जांबुघोडा, रविवारी डभोई, चांदोद, केवडिया, आणि खाली विचारलंयस की मावशी, एकटीनं जाऊ की मैत्रिणींची सुट्टी जुळेपर्यंत थांबू. थांबू नकोस, जा. मला बोलायचंय ते यादीबद्दल, आणि जरा चिडूनच बोलणार आहे. एकच जागा ठरव, पावागढ आणि त्याच्या पायथ्याचं ओस पडलेलं जुनं शहर चांपानेर. दोन दिवस, एक जागा, तीही पायी.

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरातनं दर चैत्रात पावागढ ठरलेलंच असायचं, सगळा गोतावळा, डब्यात दशम्या, एस.टी.नं डोंगरातल्या माचीपर्यंत, मग पायऱ्या, पुढच्या वर्षांत रोपवे, कालिकामातेचं दर्शन, आणि दिवेलागणीला परत घरी. पंचवीस वेळा तरी गेले असेन. दर वेळी पायथ्याशी जामी मशिदीचे मिनार बसच्या खिडकीतनं दिसायचे आणि कुणीतरी म्हणायचं, पुढच्या वेळी उतरू. २००४ मध्ये चांपानेर-पावागढ जागतिक वारसा यादीत आलं, पेपरात फोटो आला, तेव्हा त्या मशिदीचं आतलं छत मी पहिल्यांदा बघितलं, पेपरात, आणि जागा माझ्या घरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. वय एकावन्न. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

पुढच्याच शनिवारी एकटी गेले. घरी सगळ्यांनी विचारलं सोबत कोण, म्हटलं कोणी नाही. सकाळी आत शिरले ती दुपारपर्यंत बाहेर आलेच नाही. आत पावणेदोनशेच्या आसपास खांब आहेत, मधल्या घुमटाखाली मजल्यावर मजले चढवलेले सज्जे, आणि वर छतात दगडाची कमळं, अगदी देवळाच्या सभामंडपात असतात तशी, कारण कोरणारे हात तेच होते ना, इथल्याच सोमपुरा-सलाटांचे, म्हणजे देवळं घडवणाऱ्या पाथरवटांचे. हे पुस्तकात वाचलं होतं, पण सकाळचं ऊन खांबांमधनं सरकत सरकत एकेका कमळावर गेलं तेव्हा ते खरं समजलं. पंधरा मिनिटांत बघून निघाली असतीस तर तुला फक्त खांब दिसले असते.

आणि ते चांपानेर शहर काय होतं बघ! गुजरातचा सुलतान महमूद बेगडा, त्यानं वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये खीची चौहानांकडनं पावागढ घेतला, पायथ्याशी गुजरातची राजधानी वसवली, आणि १५३५ मध्ये हुमायूननं ती लुटली, दरबार परत अहमदाबादला गेला, मागे जंगल. पन्नास वर्षांत उभं राहिलं नि ओस पडलं. आपल्याच बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या र. ना. मेहतांनी तिथं उत्खनन केलं. त्यात निघालेल्या अमीराच्या वाड्यात जा, भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्यात, पण अंगणातले पाण्याचे पाट बघ, कुठनं येतात, कुठं वळतात, कुंडात कसे पडतात, बोट ठेवून शोधत जा. त्याला तास लागतो. म्हणून म्हणते एकच जागा.

रविवारी गड, पण रोपवेनं नाही. खालनं जुन्या वाटेनं, अटक दरवाजा, बुढिया दरवाजा करत चढ. दरवाज्यात आत शिरलं की वाट काटकोनात का वळते ते तिथं थांबून बघ, हत्ती आणि फौज सरळ धडकू नये म्हणून. हाच गड पुढे शिंद्यांकडे होता, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात परत दिला, आपल्या घरांत हे कोणाला ठाऊकच नसतं, आपण नुसते दर्शनाला. वर लकुलीशाचं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, डोंगरावरचं सगळ्यात जुनं, लोक त्याच्या बाजूनं पुढे निघून जातात. तू जाऊ नकोस.

मला हेकट म्हणतात, माहितीये. भाचे येतात, म्हणतात मावशी चांपानेरला आलोच आहोत तर केवडियाही करून घेऊ, आणि मी गाडीतच बसत नाही. म्हणू देत. पंचवीस वेळा 'करून घेतलं' आणि काहीच केलं नाही, मग सव्विसाव्या वेळी तरी मी माझ्या मनासारखं वागायचं नाही का? माझं चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांच्या फोनमध्ये दोनशे फोटो आहेत पण मशिदीजवळच्या कुंडाला बाजू किती ते एकालाही सांगता आलं नाही. आठ आहेत.

एकटीचं म्हणशील तर रूम जवळच्या हालोल गावात घे, पत्ता आईला देऊन ठेव. अंधार पडायच्या आत गडावरनं खाली. शेवटची बस किती वाजता ते डेपोतच विचार, फोनवर बघून विसंबू नकोस. उन्हाळ्यात अजिबात नको, पाऊस उघडला की जा, पायऱ्या तेव्हा शेवाळलेल्या असतात म्हणून चांगल्या पकडीचे बूट घाल. सकाळी निघताना सेव-उसळ खाऊन निघ, जेवायला उशीर होतो. नवरात्र टाळ, गर्दीत चालताच येत नाही.

आणि वही-पेन्सिल घे. मशिदीत उत्तरेच्या टोकाला बायकांसाठी जाळी लावून वेगळी केलेली जागा आहे, तिथली एक चौकट मी तीनदा काढायला बसले आणि रेघा कुठंतरी चुकतातच, वेल जिथं स्वतःखालनं परत वर येतो तिथं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. जमली तर घेऊन ये, मला बघायचीय.

तुझी मावशी