तारेवरचे तारेवरच

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री जिन्यात मोबाइल पुढे करून तू विचारलेस, "मावशी, हे काढून टाकू का?" सहकाऱ्याचे वडील गेल्याचे कळताच तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकाखाली एक 'आरआयपी' उमटत गेले, त्यांत तू एकट्याने तीन पूर्ण वाक्ये लिहिलीस, आणि वरिष्ठांनी तुला 'जरा आवरते घे' असे सुचवले. मी 'उद्या सांगते' म्हणाले, कारण तेव्हा बोलले असते तर नुसते रागाने बोलले असते. राग अजूनही आहे. काढून टाकू नकोस. माणसाला लिहिताना शब्द पूर्ण लिहायचा असतो.

माझी सारी नोकरी मुंबईत फाउंटनच्या तार ऑफिसात झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात, तेव्हा संक्षेपाची थोरवी मला कोणी सांगू नये. शुभेच्छांच्या तारांसाठी ठरावीक वाक्यांची क्रमांकवार यादी असे. पाठवणारा त्यातला क्रमांक निवडत असे, तारेवरून तो आकडाच जात असे, आणि पलीकडच्या ऑफिसात त्या आकड्याचे पूर्ण वाक्य कागदावर उतरल्यावरच ती तार शिपायाच्या हाती पडत असे. आकडा आमच्यापुरता होता. लग्नघरी जायचे ते वाक्य. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण ही रीत माझ्या हातातून गेली नाही.

पुढे मोबाइल आले. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत आणि देवनागरीची अवघी ७०, त्यामुळे मराठी माणसाने तेव्हा शब्द तोडले असतील तर ते मी समजू शकते. आज अक्षरे मोजून तुमच्याकडे पैसे कोण मागते? वेळ वाचतो, असे तूही काल म्हणालास. कोणाचा वेळ? लिहिणाऱ्याचे चार क्षण वाचतात आणि अर्थ लावण्याचे काम वाचणाऱ्याच्या माथी पडते.

तुझे मित्र म्हणतील, आजोबांच्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' होतेच की. होते. पण साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे दोघांनाही तोंडपाठ असे, आणि त्या चार अक्षरांपाठोपाठ दोन पाने भरून मजकूर येत असे. तुमचा मजकूर चार अक्षरांतच संपतो. आणि 'ओएमजी', म्हणजे 'ओ माय गॉड', हा तुमच्या पिढीचा शोध आहे, असेही समजू नका. १९१७ साली ब्रिटिश नौदलातील ॲडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात तो आहे, आणि त्यांनी शेजारी कंसात त्याचा पूर्ण अर्थ दिलेला आहे.

हे सगळे मला ठाऊक होते, तरीही मी चुकले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी डोंबिवलीच्या माझ्या मैत्रिणीने, जिच्या शेजारी बसून मी वीस वर्षे काम केले, नवऱ्याच्या ऑपरेशनबद्दल मला लांबलचक मेसेज लिहिला. मी दादरला गाडीत चढत होते. भाचीकडून नुकतेच शिकलेले 'जीडब्ल्यूएस, टीसी', म्हणजे 'गेट वेल सून, टेक केअर', मी तिला पाठवले आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. पुढे भेटल्यावर ती एवढेच म्हणाली, "मुलाला विचारले, याचा अर्थ काय. तो म्हणाला, काही नाही आई, सगळेच पाठवतात." अनोळखी माणसांच्या तारा अक्षरन्अक्षर तपासणाऱ्या मला माझ्या मैत्रिणीसाठी एक वाक्य जमले नाही. ती त्यानंतरही माझ्याशी बोलते, पण लांबलचक मेसेज तिने मला पुन्हा कधी लिहिला नाही.

तेव्हापासून मी हट्टी झाले आहे. वाढदिवसाच्या 'एचबीडी'ला मी उत्तर देत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'भा. पू. श्र.' आले की मी खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे पूर्ण लिहिते. घरच्यांना यात माझा अहंकार दिसतो. दिसू दे, सुतकातल्या घराला संपूर्ण शब्द मिळणे मला महत्त्वाचे वाटते. नऊ बाविसची लोकल पकडणाऱ्याला 'सीएसएमटी' पुरते, कारण तिथे काम गाडीशी असते. माणसाशी काम असेल तेव्हा शब्द पूर्ण लिही.

आणि तूही यातून सुटलेला नाहीस. आईच्या चार ओळींना तू 'के' एवढेच उत्तर देतोस. तिने मला ते दाखवले आहे. तिथे कोणते वरिष्ठ तुला आवरते घ्यायला सांगतात?

ग्रुपवरची वाक्ये तशीच राहू देत. वडील गेलेल्या त्या तुझ्या सहकाऱ्याला मात्र आज वेगळे लिही. मुलाखतीच्या दिवशी पावसाने गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्याच्या वडिलांनी तुला स्कूटरवरून कुर्ल्यापर्यंत सोडले आणि स्वतःचा रेनकोट तुझ्या अंगावर घातला, हे तू काल मला जिन्यात सांगितलेस. त्याला ते माहीत आहे का?

कळावे, लोभ असावा.

तुझी,
वरच्या मजल्यावरची मावशी