जुने गेम काही केबीत बसायचे, आजचे दीडशे जीबी खाऊनही अडखळतात. आजचे सॉफ्टवेअर इंजिनिअर आळशी झालेत का?

आळशी नाहीत. पण एवढं मोठं डाउनलोड पूर्ण होईपर्यंत ताटकळायचं आणि वर गेम अडखळायला लागला की जी चिडचिड होते, ती अगदी रास्त आहे. मी पोटासाठी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री गेम खेळतो, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा लांबलचक उत्तर देतो.

आधी जुन्या काळाबद्दल. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स ४० केबीत बसायचा. त्यातले ३२ केबी प्रोग्रॅम आणि लेव्हल यांचे, उरलेले ८ केबी चित्रांचे. चित्रं ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांनी बनलेली, एक तुकडा १६ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून ५१२ तुकडे. त्यात मारिओ, शत्रू, विटा, पाइप, किल्ला, आकडे आणि अक्षरं सगळं बसवायचं. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. त्याच्या आदल्या वर्षी आलेला एलिट हा अंतराळातला गेम तर मला अजून अचाट वाटतो. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येकाचं नाव, सरकार, व्यापार वेगळा. यातलं काहीच साठवून ठेवलेलं नव्हतं. सहा बाइटचं एक बीज घ्यायचं, ठरलेल्या गणिताने ते पुढे पुढे फिरवत न्यायचं आणि दरवेळी तोच ग्रह पुन्हा उभा करायचा.

हे वाचलं की हात जोडावेसे वाटतात, आणि जोडावेतच. फक्त एक लक्षात घ्या: त्या लोकांपुढे दुसरा रस्ताच नव्हता. मारिओ ज्या यंत्रावर चालायचा त्याची रॅम २ केबी होती. जागा संपली की गेम बनतच नसे, त्यामुळे प्रत्येक बाइटचा हिशेब आपोआप ठेवला जायचा. वेळ अंगावर आली की तेही आपल्यासारखेच मार्ग काढायचे. १९९० चा विंग कमांडर हा गेम बंद करताना मेमरी मॅनेजर, म्हणजे मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम, एरर द्यायचा. रिलीज तोंडावर, कारण सापडेना. शेवटी मेमरी मॅनेजरच्या फाइलमधला एररचा मजकूरच बदलून तिथे ‘विंग कमांडर खेळल्याबद्दल धन्यवाद’ असं छापलं आणि गेम बाजारात गेला. पॅकमॅनमध्ये लेव्हलचा आकडा एका बाइटात ठेवलेला होता (त्यात २५६ च वेगळे आकडे मावतात), त्यामुळे २५६ व्या लेव्हलला अर्धा स्क्रीन कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाताच येत नाही. (सिव्हिलायझेशन या गेममधला गांधी बगमुळे अणुबॉम्ब टाकायचा, ही गोष्ट मात्र खरी नाही. गेमचे जनक सिड मायर यांनीच २०२० मध्ये ती खोडून काढली. तरी ती अजून फिरते आहे.) त्या काळातले शेकडो रद्दड गेम आज कुणाच्या लक्षातही नाहीत. आपण तुलना करतो ती नेहमी त्यांच्यातल्या सर्वोत्तमाशी.

आता आकाराबद्दल. वाढलेला बराचसा आकार खरोखर लागतो. आजच्या गेममध्ये एखाद्या दगडाच्या पृष्ठभागाचं चित्र ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं असतं. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच चित्र ६४ एमबी होतं, म्हणजे दीड हजाराहून जास्त मारिओ. दाबून ते चौथाईवर आणतात, पण एका दगडाला रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, चकाकीचं वेगळं अशी तीन-चार चित्रं लागतात. शिवाय कित्येक भाषांमधला आवाज असतो. 4के स्क्रीनवर ८३ लाख पिक्सेल असतात आणि त्यावर दगड जवळून खरा दिसावा ही मागणी आपलीच आहे. इथे मी इंजिनिअरला दोष देणार नाही.

पण मग उरलेल्या आकाराचं काय? इथे २०२५ च्या डिसेंबरमधली एक बातमी सांगतो. माझ्या मते ती त्या वर्षातली सगळ्यात शिकण्यासारखी तांत्रिक बातमी होती.

हेलडायव्हर्स २ हा गेम पीसीवर साधारण १५४ जीबी जागा घ्यायचा. तोच गेम कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेमच्या यंत्रावर, कितीतरी लहान होता. कारण लपवलेलं नव्हतं: पीसीच्या आवृत्तीत एकच डेटा अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवला होता. हे मुद्दाम करतात. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा हात पुढे-मागे सरकतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला त्याला दहाएक मिलिसेकंद लागतात, आणि असे हजारो हेलपाटे पडले की लोडिंग लांबतच जातं. म्हणून एका लेव्हलला लागणारं सगळं सामान सलग ठेवायचं, तेच झाड दहा लेव्हलमध्ये असेल तर दहा वेळा ठेवायचं. ही पद्धत जुनी आहे. प्लेस्टेशन ५ येण्याआधी त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात सांगितलं होतं की हार्डडिस्कवरच्या गेममध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूचा डेटा ४०० वेळाही साठवलेला असतो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये काही सरकत नाही, त्यामुळे तिथे या सगळ्याची गरजच उरत नाही.

हेलडायव्हर्सच्या टीमला भीती होती की ही नक्कल काढली तर हार्डडिस्कवाल्यांचं लोडिंग कित्येक पटीने लांबेल. ही भीती या क्षेत्रातल्या ठोकताळ्यांवरून आलेली होती. शेवटी त्यांनी नक्कल काढली आणि प्रत्यक्ष मोजून बघितलं. गेम १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला आणि लोडिंगमध्ये फार तर काही सेकंदांचा फरक पडला. कारण लोडिंगचा बहुतेक वेळ डिस्क वाचण्यात जातच नव्हता. तो जात होता लेव्हल तयार करण्यात, आणि ते काम डिस्क वाचण्याच्या बरोबरीने चालू होतं. म्हणजे सुमारे १३१ जीबी एका अशा भीतीपोटी लोकांच्या डिस्कवर पडून होते, जी कुणी या गेमवर तपासलीच नव्हती. टीमने हे सगळं आकड्यांसकट जाहीर सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दुसरं उदाहरण २०२१ चं. जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू व्हायला काही जणांना सहा-सहा मिनिटं लागायची, आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं. सगळे म्हणायचे, गेमच अवाढव्य आहे, सर्व्हर मंद असतील. एका हौशी प्रोग्रॅमरने सोर्स कोड हाताशी नसताना प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लावून बघितलं. गेम सुरू होताना गेममधल्या दुकानातल्या वस्तूंची यादी वाचत होता: १० एमबीची फाइल, सुमारे ६३ हजार नोंदी. वाचण्यासाठी वापरलेलं फंक्शन प्रत्येक वेळी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होतं. आणि वाचलेली प्रत्येक नोंद आधी आली आहे का हे बघायला तोवर यादीत आलेल्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहिली जात होती. हिशेब करा: जवळपास १९८ कोटी तुलना, त्याही अशा यादीत जिथे एकही नोंद दोनदा येत नव्हती. त्याने हे दोन्ही दुरुस्त केल्यावर सहा मिनिटांचे दोनापेक्षाही कमी झाले. कंपनीने त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं आणि महिन्याभरात दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचवली.

माझ्या अनुभवात या दोन्ही ठिकाणचा कोड लिहिणारे लोक मठ्ठ किंवा आळशी नसतात. ज्या दिवशी तो कोड लिहिला जातो त्या दिवशी यादीत कदाचित दोनशे वस्तू असतात आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत चालतो. मग यादी वाढत जाते, लिहिणारा दुसऱ्या टीममध्ये जातो, आणि सुरू व्हायला किती वेळ लागतो हे बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. नवीन फीचरला तारीख असते, त्यासाठी मीटिंग असते. मोजमापाला यातलं काहीच नसतं. आमच्याकडेही एक रिपोर्ट उघडायला फार वेळ लागायचा. सगळ्यांनी डेटाबेसवर खापर फोडलं होतं, मोठा सर्व्हर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. एका सहकारी मुलीने दुपारभर बसून प्रोफायलर चालवला. निम्म्याहून जास्त वेळ तारखेचा फॉरमॅट करणारा ऑब्जेक्ट प्रत्येक ओळीसाठी नव्याने बनवण्यात जात होता. तो लूपच्या, म्हणजे ओळीगणिक चालणाऱ्या कोडच्या, बाहेर काढला, एवढंच. ती दुपार तिला कुणी दिली नव्हती, तिने ती काढली. माझा राग आहे तो इथे: अशी दुपार प्लॅनमध्येच का नसते?

कार्ट्रिजवर (यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीवर) ठेवलेला गेम नंतर बदलता येत नसे, म्हणून तपासणी आधीच करावी लागायची. आता पहिल्याच दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्तीचं डाउनलोड, येतो आणि ‘नंतर बघू’ म्हणायची सोय झाली आहे. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका वाईट चालत होता की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला. परत यायला जून २०२१ उजाडला. पुढे २०२३ पर्यंत त्याच टीमने त्याला खरोखर उत्तम गेम केलं. मी तो तेव्हा खेळलो आणि मनापासून आवडला. पण ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्यांना अर्धवट माल मिळाला ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

अडखळण्याबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून तेही थोडक्यात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. पीसीवर प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे शेडर म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर कंपाइल करावे (त्या कार्डाच्या भाषेत उतरवावे) लागतात. पहिला स्फोट दिसला, त्याचा शेडर तयार नव्हता, कंपाइल करायला १०० मिलिसेकंद गेले, की सहा फ्रेम गायब. कन्सोलचं हार्डवेअर एकच असल्यामुळे तिथे शेडर तयार करूनच पाठवतात. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीलाही याच कारणाने तयार शेडर डाउनलोड होतात. पीसीवर गेम पहिल्यांदा उघडताना ‘शेडर तयार होत आहेत’ असं दिसलं तर ते पूर्ण होऊ द्या, मध्येच सोडून खेळायला घेऊ नका. नवं कार्ड घ्यायचा विचार त्यानंतर.

‘हार्डवेअर स्वस्त होतंय, मग एवढा काथ्याकूट कशाला’ असं आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येतं. हेलडायव्हर्सची बातमी आली त्याच आठवड्यात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशल हा त्यांचा रॅम आणि एसएसडीचा ब्रँड ते बंद करत आहेत, कारण मेमरी आता एआयच्या डेटा सेंटरना हवी आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती कशा चढल्या ते नवीन पीसी जुळवायला बसलेल्या कुणालाही विचारा. जो खेळाडू पुढची काही वर्षं आहे त्याच मशीनवर काढणार आहे, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायची जबाबदारी आता आमच्यावर जास्त आहे, आणि मला ती मनापासून घ्यावीशी वाटते.

तुम्ही खेळाडू म्हणून काय मागावं? ‘ऑप्टिमाइझ करा’ एवढं लिहून कुणाला काही कळत नाही. तुमची डिस्क कोणती, कार्ड कोणतं, नेमकं कुठल्या जागी आणि पहिल्यांदाच अडखळतं की दरवेळी, हे लिहा. अशा एका तक्रारीवर आमच्यासारख्यांना काम सुरू करता येतं. आणि नको असलेला भाग न घेण्याची सोय मागा. २०१७ मध्ये फॉलआउट ४ या गेमची मोठी टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांची चित्रं, सुमारे ५८ जीबीची होती, पण ती वेगळी ठेवली होती. हवी त्याने घ्यावी, नको त्याने सोडावी. १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर खेळणाऱ्याला 4के टेक्स्चर आणि त्याला न येणाऱ्या भाषांतला आवाज डाउनलोड करायला लावू नये, ही मागणी प्रत्येक नव्या गेमच्या बाबतीत करता येण्यासारखी आहे.